दुसरी शंका

रात्री पावणेतीनला आमच्या सोसायटीत दिवाळी असते. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक दिवा लागतो, थोड्या वेळाने पलीकडच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दुसरा, आणि तोवर आमच्याकडचा लागलेला असतोच. बाथरूमच्या जाळीतून मला दोन्ही खिडक्या दिसतात. गेली तीन-चार वर्षं आम्ही एकमेकांना असे दिवे दाखवतो आहोत. सकाळी बागेत भेट झाली की कोणी ‘झोप झाली का’ असं विचारत नाही. ‘काल दोनदा दिसलात’ असं म्हणतात.

तिसऱ्या मजल्यावरचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. पहिल्यावरचे एका शाळेचे हेडमास्तर, तेही निवृत्त. मी बँकेतला. तिघांच्या वयांची बेरीज दोनशे सात भरते आणि तिघांच्या सोनोग्राफीच्या कागदावर एकच लांबलचक शब्द लिहिलेला आहे : प्रोस्टेटोमेगाली. हेडमास्तरांना तो पहिल्यांदा वाचताना एखाद्या ग्रीक तत्त्ववेत्त्याचं नाव वाटलं होतं.

मराठीने या कामाला शब्द मात्र फार पोहोचलेला दिला आहे. लघुशंका. तरुणपणी मला कळत नसे, यात शंका कसली? लागली की जायचं, झाली की यायचं. शाळेत करंगळी वर केली की मास्तर मान हलवायचे, विषय संपला. साठी उलटल्यावर त्या शब्दाचा अर्थ लागला. लागली आहे की नुसतं वाटतंय, ही पहिली शंका. उभं राहिल्यावर सुरू होईल का, ही दुसरी. मग धार बारीक, मध्येच थांबते, पुन्हा येते. झाली म्हणून पायजम्याची नाडी बांधावी तर झाली का, ही तिसरी. नाट्यगृहात मध्यंतराला रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या पोरांचे उसासे ऐकू येतात आणि जे काही येऊ घातलं होतं तेही परत जातं. एकदा एक मुलगा फार आदराने म्हणाला, ‘होऊ द्या काका, निवांत.’ त्या निवांतपणात तिसरी घंटा झाली.

हा सगळा उद्योग ज्या ग्रंथीचा, तिला आमच्या कट्ट्यावर ‘प्रोस्टेड’ म्हणतात. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी तर परवा फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, ‘साहेबांना पोस्टाचा त्रास आहे.’ मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पुढे उभा राहणारा, म्हणजे पहारेकरी, असा आहे म्हणे. मराठीत त्यावरूनच पुरःस्थ ग्रंथी झाली. तरुणपणी हा पहारेकरी फाटकाशेजारी शहाण्यासारखा उभा असतो. म्हातारपणी तो फाटकाच्या मधोमध खुर्ची टाकून बसतो. आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको.

दुसरं नाव अष्ठीला. सुश्रुताने मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यांतली एक वाताष्ठीला : गुद आणि बस्ती यांच्यामध्ये दगडासारखी टणक, वर आलेली गाठ, आणि त्यामुळे अडलेलं मूत्र. सोनोग्राफीचं मशीन नव्हतं, पण जागा बरोबर सांगितली आहे.

आकाराचं म्हणाल तर तरुण माणसात ही ग्रंथी आक्रोडाएवढी, साधारण वीस ग्रॅमची. मूत्राशयाच्या अगदी खाली, आणि लघवीची नळी तिच्या पोटातून जाते. निसर्गाने एवढं सगळं नीट केलं आणि मुख्य जलवाहिनी एका वाढत्या वस्तूच्या मधून काढली. आमच्या महापालिकेवर मी त्यानंतर टीका केलेली नाही. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. ते काम कमी होत जातं त्या वयात ती वाढायला लागते. पन्नाशीच्या घरातल्या निम्म्या पुरुषांत ती थोडीफार वाढलेली सापडते, ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. का वाढते, याला वय आणि पुरुषी हार्मोन या दोन गोष्टी लागतात एवढं पक्कं. बीजिंगच्या राजवाड्यातल्या जुन्या खोजांची १९६०च्या सुमाराला तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांची ग्रंथी डॉक्टरांच्या बोटाला लागलीच नाही. हा उपाय कट्ट्यावर एकमताने फेटाळण्यात आला.

मापं मात्र आम्ही फार चवीने बोलतो. माझी ४६ ग्रॅम, हेडमास्तरांची ५५, इंजिनिअरसाहेबांची ६२. सोनारासारखं तोळ्यात मोजलं तर दोन तोळ्यांची वस्तू काही न करता सहा तोळ्यांची झाली. आयुष्यात हे एवढंच सोनं वाढलं, असं साहेब म्हणतात. पण गंमत अशी की ग्रॅमवर त्रास ठरत नाही. साहेबांची ६२ची असून ते रात्री एकदा उठतात, माझी ४६ची असून तीनदा. ग्रंथी बाहेरच्या बाजूला फुगली की फारसं अडत नाही, आत नळीवर फुगली की अडतं.

यातलं सगळं शास्त्र मला डॉक्टरांआधी साहेबांनी समजावलं, खडकवासल्याच्या भाषेत. ‘मूत्राशय म्हणजे धरण. खाली दरवाजा. दरवाज्यात गाळ अडकला की आधी धरण जोर लावतं, भिंत जाड होते. मग धरण चिडतं, थोडं पाणी साठलं तरी सोडा सोडा म्हणून ओरडतं. ती तुमची घाई. आणि शेवटी धरण थकतं, मग पाणी सोडूनसुद्धा तळाशी राहतं. त्याला आम्ही मृत साठा म्हणतो.’ मृत साठा हा शब्द मी पावसाळ्यात पेपरात वाचत आलो होतो. तो माझ्या ओटीपोटात असेल असं वाटलं नव्हतं.

तो मोजायला सोनोग्राफीला गेलो. तिथे एक लिटर पाणी प्यायला लावतात आणि बसवून ठेवतात. जी गोष्ट एकदाची कशी होईल या चिंतेत इतकी वर्षं घालवली, ती आज होऊ द्यायची नव्हती. हॉलमध्ये आम्ही आठ-दहा जण पाय आवळून बसलेलो. काउंटरवरची मुलगी दर दहा मिनिटांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारी, ‘काका, लागली का? जोरात लागली की सांगा.’ एकाला जोरात लागली तेव्हा नेमकी आत इमर्जन्सी आली. त्या गृहस्थांचा चेहरा मी विसरणार नाही. आधी भरलेल्या मूत्राशयाचा फोटो, मग जाऊन यायचं, मग रिकाम्याचा. रिकाम्यात ११० मिली शिल्लक निघाली. शिवाय एका फनेलसारख्या यंत्रात लघवी करायची, ते धारेचा वेग मोजतं. सेकंदाला पंधरा मिलीच्या वर असेल तर बरं, दहाच्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता. माझा आकडा आठ. साहेबांनी बाकावर बसल्या बसल्या मोबाइलवर हिशेब केला. ‘०.०००२८ क्युसेक. एवढ्याने भिडे पूल पाण्याखाली जात नाही.’

मूत्रविकारतज्ज्ञ म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची डॉक्टर निघाली. तिने आधी एक कागद भरायला दिला. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. गेल्या महिन्यात पूर्ण न झाल्यासारखं किती वेळा वाटलं, दोन तासांच्या आत किती वेळा जावं लागलं, जोर करावा लागला का, रात्री किती वेळा उठलात. एकूण पस्तीस गुणांचा पेपर, आणि जितके कमी तितकं चांगलं. जन्मभर उलट्या पद्धतीने परीक्षा दिलेल्या माणसाला याची सवय व्हायला वेळ लागतो. मला सतरा मिळाले. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. आठवा प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण पेपर काढणाऱ्याने तोच खरा काढला आहे : उरलेलं सगळं आयुष्य लघवीच्या बाबतीत आज आहे तसंच काढावं लागलं, तर तुम्हाला कसं वाटेल? पर्याय ‘अतिशय आनंद’पासून ‘भयंकर’पर्यंत. मी पेन घेऊन बराच वेळ बसलो. शेजारी बसलेली बायको म्हणाली, ‘मला विचारा, मी भरते.’

पुढे ती बोटाने करायची तपासणी. तिच्याविषयी कट्ट्यावर कोणी तपशील देत नाही, मीही देणार नाही. अर्धा मिनिट लागतं, आणि गाठ मऊ आहे की टणक हे त्या अर्ध्या मिनिटात कळतं. नुसती वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही, पण दोन्ही एकाच ग्रंथीत एकाच वेळी असू शकतात, म्हणून ती तपासणी आणि पीएसएची रक्ततपासणी. माझी मऊ निघाली, पीएसए २.१.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग डॉक्टरने चष्मा काढला आणि विचारलं, ‘आणि काका, वैवाहिक आयुष्य कसं आहे?’

मी म्हणालो, ‘छान. मुलगी कॅनडात, मुलगा हिंजवडीला.’

‘ते नाही विचारलं.’

मी भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे पाहायला लागलो. किती सुबक रंगवलं होतं. बायकोने पर्स उघडली, बंद केली आणि म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्ही काय विचारलंत ते त्यांना कळलंय.’

लघवीबद्दल मी तीन वर्षं अख्ख्या बागेला सांगत होतो. ग्रॅम, मिली, क्युसेक, सगळं. या दुसऱ्या शंकेबद्दल एकाही माणसाला एक शब्द बोललो नव्हतो. साहेबांना नाही, हेडमास्तरांना नाही, घरात तर नाहीच. आणि घरात काय झालं होतं ते डॉक्टरने दोन प्रश्नांत काढून घेतलं. मी रात्री तीनदा उठतो, दिवा लावतो, चपला वाजवतो. तिची झोप मोडते. तिची झोप मोडते म्हणून तिने उशी उचलली आणि पलीकडच्या खोलीत गेली. कोणी रुसलं नाही, भांडलं नाही. त्याआधी दोन-तीनदा माझी जी फजिती झाली होती तिच्यावर उशीमुळे आयता पडदा पडला, आणि मनातल्या मनात मी सुटलो. दीड वर्ष झालं होतं. एका बाजूला ग्रंथी, दुसऱ्या बाजूला मधुमेह, आणि मध्ये एक बंद दार. डॉक्टर म्हणाली, ‘या दोन तक्रारी बहुतेक वेळा जोडीने येतात. पेशंट एकच सांगतो.’

तिने मग कागदावर दोन नळ्या काढल्या. हृदयाच्या रक्तवाहिन्या तीन-चार मिलिमीटर रुंद, आणि त्या जागेच्या एक-दोन मिलिमीटर. साखर, बिडी-सिगरेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी नळ्या आतून खराब होतात तेव्हा आधी बारीक नळी बोंब मारते, मोठी मागून. मधलं अंतर कित्येकदा दोन-चार वर्षांचं असतं. म्हणून तिने मला गोळी देण्याआधी हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं, ट्रेडमिलवर पळवलं आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा काढायला लावला. मी ज्याची लाज धरून बसलो होतो ती हृदयाने पाठवलेली नोटीस असू शकते, असं बँकेतल्या माणसाला कळेल अशा भाषेत तिने सांगितलं. नोटीस न उघडता कपाटात ठेवणारे खातेदार मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते.

आणि मी एकटाही नव्हतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका मोठ्या पाहणीत चाळीस ते सत्तर वयाच्या निम्म्याहून अधिक पुरुषांनी कमीजास्त प्रमाणात हीच तक्रार सांगितली. निम्म्याहून अधिक! मग आमच्या बाकावर तिघांत निदान दीड माणूस असायला हवा. पण आमच्याकडे हा विषय भिंतींना दिलेला आहे. लोकलने जाताना रुळांच्या कडेच्या भिंती वाचा, एसटी स्टँडच्या मुतारीत वाचा. तंबूवाले, शिलाजितवाले, एका पुडीत तरुण करणारे. ज्याला एमबीबीएसपुढे तोंड उघडवत नाही तो तंबूत जाऊन पाचशेची नोट उघडतो. त्या पुड्यांत कित्येकदा डॉक्टर देतात तीच इंग्रजी गोळी कुटून घातलेली असते, प्रमाण न सांगता.

असं का व्हावं, याचं मला नवल वाटतं, कारण मराठीत हे उघड बोलायचा प्रयत्न फार आधी झाला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे, गणिताचे प्राध्यापक, यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३मध्ये जाईपर्यंत चालवलं. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ उत्तरं देत. १९३४मध्ये त्या उत्तरांवरूनच खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. त्यानंतर इतक्या वर्षांनी, दंडाची कसलीही भीती नसताना, बंद दाराआड, डॉक्टरने आपण होऊन विचारल्यावर मी ‘मुलगी कॅनडात’ सांगतो.

गोळ्यांविषयी थोडं सांगतो, कारण कट्ट्यावर त्यांची उसनवारी चालते आणि ती वाईट. टॅमसुलोसिन नावाची गोळी रात्री जेवणानंतर. ती ग्रंथी लहान करत नाही, दरवाज्याचे स्नायू सैल करते, म्हणून थोड्याच दिवसांत फरक पडतो. पहिले काही दिवस अंथरुणातून एकदम उठायचं नाही, चक्कर येते. आणि काही जणांना त्या परमक्षणी काही बाहेर येतच नाही किंवा फार कमी येतं. अपाय काही नाही, पण आधी सांगितलेलं नसेल तर माणूस उगाच हबकतो.

दुसरी जात ग्रंथी लहान करणाऱ्या गोळ्यांची, फिनास्टराइड आणि तिची बहीण. साहेब तिच्यावर आहेत. हिचा जन्म डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात शोधावा लागतो. तिथली काही बाळं मुली समजून वाढवली जात आणि वयात येताना मुलगे होत. अंगात एक विकर कमी, त्यामुळे एक हार्मोन नीट तयार होत नसे. १९७४मध्ये त्यावर निबंध आला. ही मंडळी मोठी झाली तरी त्यांची ग्रंथी लहानच राहते, असं दिसलं. त्या विकराला अडवणारी गोळी १९९२मध्ये बाजारात आली. परिणामाला सहा महिने लागतात, ग्रंथी साधारण पाव हिश्श्याने आक्रसते, पीएसएचा आकडा निम्मा होतो (म्हणून ती चालू असल्याचं रक्त तपासणाऱ्या डॉक्टरला सांगावंच लागतं), आणि काही जणांची इच्छाच कमी होते. १९९७मध्ये तीच गोळी पाचव्या हिश्श्याच्या मात्रेत टक्कल पडू नये म्हणून आली. गेल्या दिवाळीत साहेबांकडे जावई आले होते. फ्रिजवर दोन स्ट्रिपा शेजारी शेजारी, नाव तेच. सासरे आणि जावई एकाच औषधावर, एक खालच्यासाठी, एक वरच्यासाठी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि साहेबांनी फराळाचं ताट पुढे केलं.

तिसरी गोष्ट त्या प्रसिद्ध निळ्या गोळीची आणि तिच्या भावंडांची. इंग्लंडात केंटमधल्या सँडविच गावी हृदयाच्या कळेवर औषध शोधत होते. हृदयाला फारसा उपयोग होईना, पण तपासणीला आलेल्या पुरुषांच्या वेगळ्याच नोंदी यायला लागल्या. २७ मार्च १९९८ला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याच वर्षी वैद्यकाचं नोबेल नायट्रिक ऑक्साइडच्या कामाला मिळालं, ज्या वायूच्या निरोपावर या सगळ्या नळ्या उघडतात. आणि नोबेलसाहेबांना स्वतःला हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन सांगितलं होतं, ज्याचा त्यांनी डायनामाइट केला होता. वर्तुळ इतकं नेटकं जुळवायचं धाडस मी गोष्टीत केलं नसतं. आता महत्त्वाचं : इंजिनिअरसाहेबांच्या खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते. ती घेणाऱ्याने या जातीची कुठलीही गोळी घ्यायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब इतका उतरतो की जीव जाऊ शकतो. केमिस्ट विचारत नाही. मित्र तर मुळीच विचारत नाहीत, ते अर्धी मोडून देतात.

माझ्या खिशात सॉर्बिट्रेट नव्हती आणि ट्रेडमिलने मला पास केलं होतं. डॉक्टरने टाडालाफिल लिहून दिली, पाच मिलिग्रॅम, रोज एक. ती दोन्ही तक्रारींवर चालते. अष्ठीला म्हणजे दगड, तेव्हा एका दगडात दोन पक्षी हे इथे शब्दशः लागू पडतं. शिवाय संध्याकाळी सातनंतर पाणी कमी, रात्रीचा चहा बंद, झोपण्याआधी एकदा जाऊन यायचं, दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, पोट साफ ठेवायचं. आणि रोज पाऊण तास चालायचं. बागेत बाकावर बसणं हे चालण्यात धरत नाहीत, असं तिने मुद्दाम सांगितलं. बायकोने सांगायला लावलं असावं.

हेडमास्तरांचं गाडं मात्र घसरलं. नाशिकला भाचीच्या लग्नात त्यांना सर्दी झाली, कोणीतरी सर्दीची गोळी दिली. त्या गोळ्यांत नाक सुकवणारं जे असतं ते खालचा दरवाजाही आवळतं. शिवाय गारठा, आणि पंगतीत आग्रह. रात्री लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट नगाऱ्यासारखं, कपाळावर घाम, बसवेना, उभं राहवेना. पहाटे दवाखान्यात नळी घातली तेव्हा पाऊण लिटरच्या वर आलं. ‘मुलगी सासरी जाताना रडली नाही, मामा रडले,’ असं त्यांची बहीण अजून सांगते. परत आले ते नळी आणि पिशवीसकट, आणि आठवडाभर खाली उतरले नाहीत. मी जाऊन त्यांना सांगितलं की फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल १९६४मध्ये मेक्सिकोचा अख्खा दौरा नळी घालून करून आले आणि नंतर ऑपरेशन झालं. इंग्लंडच्या राजाने २०२४च्या जानेवारीत आपली प्रोस्टेट वाढल्याचं जाहीर करून टाकलं. इतिहास हा हेडमास्तरांचा विषय. दुसऱ्या दिवशी ते पिशवी लेंग्याच्या आत बांधून बाकावर हजर.

त्यांची नळी निघाली, पण गोळ्यांवर भागेल असं दिसत नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय. पोटावर काप नाही, लघवीच्या वाटेनेच आत जाऊन ग्रंथीचा आतला गर खरवडून काढतात, साल तशीच ठेवतात. मोसंबीच्या फोडी काढून साल ठेवावी तसं. पूर्वी हे पोट उघडून बोटाने करत. १९००च्या डिसेंबरात लंडनमध्ये ते करून गाजलेले सर्जन पीटर फ्रेयर आधी आपल्याकडे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, आणि रामपूरच्या नवाबाचा मूतखडा काढल्याबद्दल त्यांना लाखभर रुपये मिळाले होते. हेडमास्तर म्हणाले, मेडिक्लेममध्ये एवढे बसत नाहीत.

साहेबांच्या मोतीबिंदूचं एक राहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरने ऑपरेशनआधी विचारलं, ‘प्रोस्टेटची गोळी कधी घेतली आहे का?’ साहेबांना वाटलं चुकीच्या दवाखान्यात आलो. पण टॅमसुलोसिनने डोळ्यातली बाहुलीची पडदी लुळी पडते, ऑपरेशनमध्ये लडबडते. २००५पासून डोळेवाले हे जाणून आहेत. गोळी बंद केली असली तरी सांगायचं.

माझा पेपर मी गेल्या महिन्यात पुन्हा दिला. सतराचे नऊ झाले. आठव्या प्रश्नाला या वेळी बायकोने हात लावला नाही. पलीकडच्या खोलीतली उशी परत आली आहे. तिचं म्हणणं, तिकडे डास फार. बाकी गोष्टी रोज पेपरात छापाव्यात अशा नाहीत, पण आम्ही दोघं पुन्हा हसतो, फजितीवरसुद्धा.

काल बागेत साहेब चहा सांगायला टपरीकडे गेले तेव्हा हेडमास्तर माझ्याजवळ सरकले. करंगळी वर करावी इतक्या हळू आवाजात म्हणाले, ‘ऑपरेशननंतर... दुसरं काही बदलतं का हो?’ मला माहीत होतं तेवढं सांगितलं. ताकद बहुतेकांची जाते असं नाही, पण वीर्य बहुतेकांचं पुढे येण्याऐवजी मागे मूत्राशयात जातं, मग लघवीवाटे निघून जातं. आधी विचारून घ्या, दुसरे मार्गही असतात. ते बराच वेळ चपलेने माती उकरत बसले. मग म्हणाले, ‘गुरुवारी तारीख आहे. तुम्ही सोबत येता का?’

मी म्हटलं, ‘वहिनींना घेऊन जा.’